माया लोकांची शहरं पाहायला जायचंय? चिचेन इत्साच्या पलीकडचं बोलूया

रानजाई

थँक्सगिव्हिंग जवळ आलं की इथे मंचावर मेक्सिकोतल्या कानकून या समुद्रकाठच्या शहराच्या सहलींचे धागे उगवायला लागतात आणि प्रत्येकात तोच प्रश्न असतो: चिचेन इत्सा (युकातानातल्या प्राचीन माया शहराचे अवशेष) एका दिवसात होतं का? होतं की. सकाळी बसमध्ये बसा, मधे एका दुकानात 'खास तुमच्या जन्मतारखेचं' माया कॅलेंडर गळ्यात मारून घ्या, भर दुपारी पिरॅमिडसमोर फोटो काढा, बुफे जेवा आणि रात्री परत हॉटेलवर या. फक्त तेवढ्यावर 'माया संस्कृती पाहिली' असं म्हणू नका. म्हणून हा वेगळा धागा.

माया हे एक साम्राज्य कधीच नव्हतं. दक्षिण मेक्सिको, ग्वातेमाला, बेलीझ आणि होंडुरास-एल साल्वादोरचा पश्चिम भाग एवढ्या पट्ट्यात पसरलेली ही वेगवेगळी राज्यं. एकमेकांशी सोयरिकी करायची, एकमेकांचे राजेही पकडून न्यायची. ग्वातेमालातलं तिकाल आणि मेक्सिकोतलं कालाकमुल यांचं वैर तर पिढ्यानपिढ्या चाललं. शेवटी इ.स. ६९५ मध्ये तिकालच्या हासाव चान काविल राजाने कालाकमुलला हरवलं. तिकालचं ते उभंच्या उभं चढत गेलेलं मंदिर, जे प्रत्येक पोस्टकार्डावर असतं, त्याच्या पोटात या राजाची कबर आहे. हे ठाऊक असून त्या चौकात उभं राहणं आणि नुसतं "वॉव, पिरॅमिड!" म्हणणं यात फार फरक पडतो.

आणि हे सगळं आज कळतं, कारण ते दगड आता वाचता येतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विद्वानांचीही समजूत होती की माया म्हणजे आकाशाकडे डोळे लावून बसलेले शांत स्वभावाचे ज्योतिषी. १९५२ मध्ये युरी क्नोरोझोव्ह या सोव्हिएत संशोधकाने दाखवलं की या चित्रलिपीत उच्चारांची चिन्हं आहेत. १९६० मध्ये तात्याना प्रोस्कुर्याकॉफ यांनी दाखवलं की स्तंभांवर कोरलेल्या तारखा राजांचे जन्म, राज्यारोहण, लढाया यांच्या आहेत. गंमत म्हणजे क्नोरोझोव्हला किल्ली मिळाली ती दिएगो दे लांदा या पाद्र्याच्या टिपणांतून. याच लांदाने १५६२ मध्ये मानी गावात माया पोथ्यांची होळी केली होती. आज जगात चारच पोथ्या उरल्यात. दगडांना मात्र त्याला आग लावता आली नाही.

म्हणून जायच्या आधी एक संध्याकाळ काढा आणि माया आकडे शिका. टिंब म्हणजे १, आडवी रेघ म्हणजे ५, शिंपल्यासारखं चिन्ह म्हणजे शून्य. संपलं. 'दीर्घ गणना' म्हणजे एका ठरलेल्या आरंभापासून दिवस मोजायची पद्धत; तिच्या तारखेत असे पाच आकडे ओळीने येतात. मेक्सिकोतल्या पालेंकेच्या पाकाल राजाच्या मृत्यूची तारीख घ्या: ९, १२, ११, ५, १८. पहिला आकडा गुणिले १,४४,०००, दुसरा गुणिले ७,२००, तिसरा गुणिले ३६०, चौथा गुणिले २०, पाचवा आहे तसाच. बेरीज येते १३,८६,४७८. इ.स.पू. ३११४ च्या ऑगस्टपासून एवढे दिवस मोजा, की तुम्ही इ.स. ६८३ च्या ऑगस्टअखेरीस येऊन पोहोचता. सहावी-सातवीतलं पोर हे करू शकतं. प्रवासात माझ्या भाचीने हे शिकून घेतलं आणि मग प्रत्येक शिलास्तंभासमोर आम्हाला उन्हात ताटकळत ठेवलं!

कुठे जायचं ते तुम्हाला काय पाहायचंय त्यावर ठरवा. लिपी आणि राजांच्या कथा हव्या असतील तर पालेंके आणि कोपान. जंगल हवं असेल तर तिकाल, गाडीत तासन्‌तास बसायची तयारी असेल तर कालाकमुल. दगडी नक्षीकाम हवं असेल तर युकातानातलं उश्माल, आणि माझं मन तिथेच अडकलंय. तिथे नदी नाही, सेनोते (चुनखडीतली नैसर्गिक विहीर) ही नाही, म्हणजे यच्चयावत पाणी पावसाचं, जमिनीखालच्या टाक्यांत साठवलेलं. म्हणून भिंतीभिंतीवर, कोपऱ्याकोपऱ्यावर तो लांब वळलेल्या नाकाचा पर्जन्यदेव चाक. राज्यपालांचा वाडा म्हणतात ती इमारत जवळपास १०० मीटर लांब आहे. तिच्या वरच्या अर्ध्या भागात जाळी, पायऱ्या-पायऱ्यांची नागमोड आणि मुखवटे असं सगळं सुटे दगड घडवून जुळवलेलं आहे. संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं की ती नाकं सावल्या टाकतात, तेव्हा बघा.

समुद्रकाठच्या तुलूमच्या अवशेषांबद्दल मुद्दाम लिहीत नाही. समुद्र सुंदर आहे.

टेक्सासची_सून

रानजाई, वाचनखूण साठवली. एक अत्यंत व्यवहारी भर घालते. कानकून आणि तुलूम ज्या किंताना रो राज्यात येतात, त्याचं घड्याळ युकातान राज्याच्या एक तास पुढे आहे. चिचेन इत्सा युकातानात. म्हणजे जाताना एक तास मिळतो आणि परतताना तो जातो. परतीच्या विमानाच्या दिवशी हे विसरणारे लोक मी पाहिलेत.

दुसरं, कानकूनहून जायचंच नाही. व्हायादोलिदला आदल्या रात्री राहा. छोटं, रंगीत, स्वस्त गाव आहे, तिथून चिचेन इत्सा पाऊण तासावर. दार ८ वाजता उघडतं, तेव्हा रांगेत असा. साडेदहा-अकरानंतर कानकूनच्या बसेस येऊन थडकतात, त्याच वेळी विक्रेतेही पथाऱ्या मांडून बसलेले असतात आणि ती जॅग्वारच्या गुरगुरण्याची शिट्टी चहूकडून सुरू होते. तिकीट दोन भागांत असतं, केंद्र सरकारचं वेगळं आणि राज्याचं वेगळं. दोन्ही मिळून परदेशी माणसाला ६०० पेसोंच्या वर जातं. रविवारी मेक्सिकन नागरिकांना प्रवेश फुकट, म्हणजे गर्दी दुप्पट. रविवार टाळा.

चिंतोपंत

लेख उत्तम, पण चिचेन इत्साला एवढं कमी लेखू नये. गर्दी आहे म्हणून जागा वाईट होत नाही, आपण पंढरपूरला त्या कारणासाठी नावं ठेवतो का?

चिचेन इत्साच्या कुकुल्कान या सर्पदेवाच्या पिरॅमिडला चार बाजूंनी ९१-९१ पायऱ्या आणि वरच्या मंदिराची एक, मिळून ३६५. आत आणखी एक जुना पिरॅमिड आहे आणि त्यात जॅग्वारच्या आकाराचं लाल सिंहासन. तिथे आता जाऊ देत नाहीत. वर चढणंही कधीच बंद झालंय. पण उत्तरेच्या जिन्यासमोर उभं राहून टाळी वाजवा. परत येतो तो साधा प्रतिध्वनी नसतो, चिवचिवाट असतो. प्रत्येक पायरीवरून आवाज थोड्या थोड्या उशिराने परततो, त्यामुळे त्याची पट्टी उतरत जाते आणि तो केत्साल पक्ष्याच्या सादेसारखा लागतो. मुद्दाम तसं बांधलं का, यावर भांडणं आहेत. मला काय त्याचं, मी दहा मिनिटं टाळ्या पिटत होतो, बायको ओळख दाखवेना.

चेंडूच्या खेळाचं मैदान १६८ मीटर लांब आहे, मध्य अमेरिकेतलं सर्वांत मोठं. त्याच्या बाकाच्या उतारावर कोरलेला शिरच्छेद झालेला खेळाडू नीट बघा. मानेतून रक्ताच्या जागी साप निघालेत आणि एक फुललेली वेल.

२१ मार्चच्या आसपास पिरॅमिडच्या जिन्याच्या कडेवर ऊन-सावलीचा साप उतरताना दिसतो तो दुपारनंतर. नेमक्या त्या दिवशी हजारो लोक असतात. दोन-तीन दिवस आधी किंवा नंतर गेलात तरी सावली जवळपास तशीच पडते.

रानजाई

चिंतोपंत, पंढरपूरच्या वारीत कोणी वाळवंटात आडवं येऊन 'ऑलमोस्ट फ्री, अमिगो' ओरडत नाही. :) जा म्हणतेच आहे मी, फक्त तेवढ्यावर थांबू नका म्हणते. आणि माझी तक्रार गर्दीची नाहीच. पालेंके किंवा कोपानच्या मानाने तिथे कोरीव मजकूर फार कमी आहे आणि राजे जवळजवळ अनामिक आहेत. ज्याला गोष्ट हवी तो तिथून उपाशी परततो.

आजोळ

आई-बाबांना न्यायचं आहे. दोघंही सत्तरीच्या पुढे, आईचे गुडघे दुखतात, आणि दोघं कडक शाकाहारी (अंडंही नाही). हे सगळं जमण्यासारखं आहे का? की मी उगाच हौस करतेय?

टेक्सासची_सून

आजोळ, गुडघ्यांसाठी उश्माल आणि चिचेन इत्सा सोपी. दोन्हीकडे खालून फिरूनच बहुतेक सगळं दिसतं. उश्मालला थोडे चढउतार आहेत. कोबा या जंगलातल्या माया शहरात सायकलरिक्षा मिळतात, त्यात बसवून जंगलातून नेतात, माझ्या सासूबाई खूश होत्या. तिकालमध्ये मात्र चालणं भरपूर, दोन मंदिरांमधली अंतरंही बरीच आहेत.

खाण्याचं नीट ऐक. 'शाकाहारी आहे' एवढं सांगून भागत नाही. राजम्यासारखे काळे घेवडे ते डुकराच्या चरबीत परततात. 'सिन मांतेका' (चरबीशिवाय) असं स्पष्ट विचारायचं. सूप आणि भात चिकनच्या पाण्यात असू शकतो, तेही विचारायचं. युकातानात सिकिल पाक मिळतं: भाजलेल्या भोपळ्याच्या बिया, भाजलेला टोमॅटो आणि कोथिंबीर वाटून केलेलं. अगदी आपली जवसाची चटणी ओली करावी तसं, मक्याच्या गरम तोर्तियाबरोबर आईंना नक्की आवडेल. चाया नावाच्या पाल्याची भाजीही विचारा. पापाद्झुलेस दिसायला शाकाहारी वाटतात, आत उकडलेलं अंडं असतं. आणि आबानेरो मिरचीची वाटी बाबांच्या समोरून लांब ठेव, 'आम्ही कोल्हापूरचे' म्हणणाऱ्यांचेही डोळे पांढरे होतात.

चुनखडी

सिव्हिलवाला असल्यामुळे राहवत नाही. माया इमारतीत शिरलात की खोल्या इतक्या अरुंद का, हा प्रश्न पडेल. बाहेरून एवढा डोंगर आणि आत जेमतेम दोन माणसं शेजारी उभी राहतील एवढी जागा. कारण कमान. त्यांच्याकडे खरी, मध्यशिला बसवलेली कमान नव्हती. दोन्ही भिंतींचे दगड थरागणिक थोडे थोडे पुढे काढत न्यायचे आणि वर टोपी ठेवायची. अशा रचनेत गाळा फार रुंद करता येत नाही. आपल्याकडच्या हेमाडपंती देवळांची छतंही याच जातीची, थर पुढे सरकवत गोल मिटवलेली. फरक असा की आपल्याकडे कठीण काळा पाषाण, चुन्याशिवाय नुसता खाचा करून बसवलेला. त्यांच्याकडे मऊ चुनखडी, आत भराव आणि वर चुन्याचा जाड गिलावा. पूर्वी या इमारती रंगवलेल्या असत, बऱ्याच भडक लाल. आपण बघतो तो करडा सांगाडा.

लोखंड नाही, ओझी वाहणारं जनावर नाही. गारगोटी आणि ज्वालामुखी काचेची हत्यारं. आणि चुना पाडायला दगड सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवायचा म्हणजे लाकूड किती लागलं असेल! जंगल उठवण्यात या चुन्याचा मोठा हात होता, असं मानणारे संशोधक आहेत. नवव्या शतकात दक्षिणेकडची शहरं एकामागून एक ओस पडली. दीर्घ अवर्षण, युद्धं, राजांवरचा उडालेला विश्वास अशी कारणं सांगतात. तिकालच्या शेवटच्या स्तंभावरची तारीख इ.स. ८६९ ची आहे, त्यानंतर तिथे कोणी स्तंभ उभारला नाही.

सत्यशोधक_२१

कोणीच मुख्य मुद्दा मांडत नाहीये. माया गणनेचा आरंभ इ.स.पू. ३११४ आणि आपल्या कलियुगाचा इ.स.पू. ३१०२. फक्त १२ वर्षांचा फरक! शून्यही दोघांकडे. आणि महाभारतातला मयासुर स्थापत्यविशारद होता. हा योगायोग म्हणायचा?

चुनखडी

हो.

रानजाई

चुनखडी, एवढ्या तुसडेपणाने नको. :) सत्यशोधक, दोन्ही आरंभबिंदू मागाहून गणित करून काढलेले आहेत. आर्यभटाने कलियुगाची ३,६०० वर्षं झाली तेव्हा आपण २३ वर्षांचे होतो असं लिहिलंय, ते साल इ.स. ४९९. दीर्घ गणनेतली सापडलेली सर्वांत जुनी तारीख आहे इ.स.पू. ३६ ची. म्हणजे दोघांनीही आपापल्या काळात बसून हजारो वर्षं मागे मोजलं. पद्धतीही वेगळ्या: ते २० च्या पटीत मोजणार, आपलं गणित ग्रहांच्या युतीवर. शिवाय एवढं येणंजाणं असतं तर मिरची आपल्याकडे यायला पोर्तुगीजांची वाट का पाहावी लागली? मयासुराने एवढी सभा बांधली, परत येताना पिशवीभर मिरच्या आणल्या असत्या.

चिंतोपंत

मिरचीचा मुद्दा जबरी!

जाता जाता २०१२ चंही उरकून टाकतो. तेव्हा आपल्या वाहिन्यांनी 'जगबुडी'चे कार्यक्रम रात्र रात्र चालवले होते. २१ डिसेंबर २०१२ ला दीर्घ गणनेचे १८,७२,००० दिवस पुरे झाले, एवढंच. पालेंकेच्या शिलालेखात तर इ.स. ४७७२ मधल्या एका दिवसाचा उल्लेख आहे, पाकालच्या राज्यारोहणाचा सोहळा म्हणून. जग बुडणार असं मानणारा माणूस एवढ्या पुढचं आमंत्रण कोरून ठेवत नाही.

पिंपळपान

कोपान राहून जातंय सगळ्यांचं. होंडुरासमध्ये आहे, ग्वातेमालाच्या सीमेला लागून. उंच पिरॅमिडची अपेक्षा ठेवून जाऊ नका, हे शिल्पकारांचं गाव आहे. इतर ठिकाणचे स्तंभ सपाट कोरलेले असतात, इथले राजे दगडातून जवळजवळ बाहेर आलेत.

तिथली 'क्यू' नावाची वेदी बघायलाच हवी. टेबलाएवढा चौकोनी दगड, चारही बाजूंना चार-चार राजे मांडी घालून बसलेले, एकूण १६. समोरच्या बाजूला पहिला राजा याश कुक मो सोळाव्या राजाच्या, याश पासाहच्या, हाती राजदंड देतोय. दोघांमध्ये साडेतीन शतकांचं अंतर! इ.स. ७७६ मध्ये हे कोरून घेणाऱ्या सोळाव्याला आपला हक्क शाबीत करायची गरज का पडली असेल, तेही कळतं. त्याच्या आधी ७३८ मध्ये कोपानच्या तेराव्या राजाला शेजारच्या छोट्याशा किरिग्वाच्या राजाने, एके काळच्या मांडलिकाने, पकडून ठार मारलं होतं. घराण्याचा दरारा गेला होता. वेदीजवळ एका खड्ड्यात पुरलेल्या १५ जॅग्वारांची हाडं सापडली, मागच्या प्रत्येक राजामागे एक. बाहेर जी वेदी दिसते ती प्रतिकृती आहे, अस्सल दगड तिथल्या शिल्पसंग्रहालयात. संग्रहालयाचं वेगळं तिकीट आहे, पण ते चुकवू नका, आत रोझालिला हे पूर्ण मंदिर मूळ रंगांत उभं केलंय. चुनखडींनी म्हटलेला भडक लाल तिथे दिसेल.

दारातच लाल मकाव पोपट मोकळे उडतात. पोरांना तेवढ्यानेच पैसे वसूल वाटतात.

परदेशी_पाहुणा

व्हिसाचं कोणी सांगेल का? भारतीय पासपोर्ट, अमेरिकेचा एच-वन (नोकरीचा) व्हिसा.

टेक्सासची_सून

मेक्सिकोला पर्यटक म्हणून जायला वैध अमेरिकन व्हिसा चालतो, वेगळा लागत नाही. मात्र पासपोर्टातला शिक्का जिवंत हवा. शिक्का संपलाय आणि आय-७९७ (व्हिसा-अर्ज मंजुरीचा कागद) हातात आहे, एवढ्यावर भागत नाही. बाकी देशांचे नियम बदलत असतात, तिकीट काढायच्या आधी त्या त्या वकिलातीच्या साइटवर बघा. इथल्या जुन्या प्रतिसादांवर विसंबू नका, माझ्याही नाही.

परदेशी_पाहुणा

धन्यवाद! आणि पालेंके सुरक्षित आहे का? घरचे नको म्हणताहेत.

पिंपळपान

खुद्द पालेंके ठीक आहे. भानगड आहे ती सान क्रिस्तोबालहून ओकोसिंगोमार्गे पालेंकेला जाणाऱ्या रस्त्याची. चियापास या राज्यात गेली काही वर्षं रस्ते अडवणं, लुटालूट चालू आहे. व्हियाएर्मोसापर्यंत विमानाने या आणि तिथून दोनेक तासांत गाडीने पालेंके, हे बरं. आता माया रेल्वेही पालेंकेपर्यंत येते. रात्रीचा प्रवास नकोच.

पाकालची कबर आता सहसा उघडी नसते. १९५२ मध्ये आल्बेर्तो रूझ तिथे पोहोचला तेव्हा आधी दगडमातीने ठासून भरलेला जिना उपसण्यात त्याचे हंगामच्या हंगाम गेले होते. शवपेटीची प्रतिकृती शेजारच्या संग्रहालयात आहे. झाकणावरचं ते प्रसिद्ध चित्र, ज्याला लोक 'अंतराळवीर' म्हणतात, जरा आडवं धरून न बघता उभं बघा. मागे झाड आहे, खाली पाताळाचा जबडा आणि मधे राजा.

आजोळ

सगळ्यांचे खूप आभार. उश्माल, व्हायादोलिद आणि चिचेन इत्सा एवढं आई-बाबांबरोबर नक्की. ते परतल्यावर आम्ही दोघंच मुलाला घेऊन बेलीझ आणि तिकाल करावं म्हणतोय. मुलगा नऊ वर्षांचा, नाताळच्या सुट्टीत. जमेल?

रानजाई

छान जमेल. बेलीझमध्ये सान इग्नासिओला मुक्काम करा. जवळच शुनांतुनिच हे माया शहर आहे, तिथे ४० मीटर उंच मंदिरावर अजून चढू देतात. मुलाची हौस तिथेच भागेल. तिथून सीमा ओलांडून ग्वातेमालातलं फ्लोरेस. पेतेन इत्सा तळ्यातलं हे चिमुकलं बेट म्हणजे शेवटच्या स्वतंत्र माया राज्याची राजधानी, ते स्पॅनिशांच्या हाती लागलं १६९७ मध्ये. म्हणजे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर २३ वर्षांनी. 'हजार वर्षांपूर्वी गायब झालेले लोक' वगैरे म्हणणाऱ्यांना हे साल सांगा. आज ग्वातेमालाच्या लोकसंख्येत ४० टक्क्यांहून जास्त माया आहेत.

फ्लोरेसहून तिकाल ६५ किलोमीटर. तिकिटाला पासपोर्ट लागतो, रोख केत्साल (तिथलं चलन) जवळ ठेवा. पहिल्या मंदिरावर चढता येत नाही, दुसऱ्यावर आणि चौथ्यावर लाकडी जिन्याने जातात. चौथं साधारण ६५ मीटर, वर बसलं की झाडांच्या शेंड्यांच्या समुद्रातून बाकीची शिखरं डोकावतात. आणि त्या हिरव्या गालिच्याखाली काय आहे ते विमानातून केलेल्या लेझर मोजणीचे निकाल २०१८ मध्ये जाहीर झाले तेव्हा कळलं: तिकाल ज्यात येतं त्या पेतेन प्रांताच्या २,१०० चौरस किलोमीटरमध्ये ६०,००० हून जास्त बांधकामं. उत्खनन झालंय ते चिमूटभर.

सूर्योदयाच्या सहलीचे जादा पैसे मोजायचे का ते तुम्ही ठरवा. डिसेंबरात बऱ्याचदा धुकंच असतं. सूर्य दिसला नाही तरी हाउलर माकडं ओरडतात. मुलाला आधी सांगून ठेव, कारण अंधारात तो आवाज वाघाच्या वरताण येतो आणि करणारं माकड असतं जेमतेम कुत्र्याएवढं.

आजोळ

भारी! नाताळात तिकालला हॉटेल आधी आरक्षित करावं लागेल ना?

पिंपळपान

उद्यानाच्या आत मोजकीच हॉटेलं आहेत, ती महिनोन्‌महिने आधी भरतात. फ्लोरेसला मात्र मिळून जाईल. बेलीझ सोडताना सीमेवर निर्गमन शुल्क द्यावं लागतं, तेवढे डॉलर वेगळे काढून ठेवा. आणि पलीकडे गेल्यावर पैसे बदलून देतो म्हणून जो पहिला माणूस अंगावर धावून येईल, त्याच्याकडे न बदलता जरा पुढे जाऊन भाव विचारा.